अलंकार ओळखता येतात, पण वापरता येत नाहीत: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: गिरगावचा रहिवासी

सर्वांना नमस्कार.

शाळेत असताना अलंकारांचा प्रश्न माझा हमखास सुटत असे. 'जणू' दिसले की उत्प्रेक्षा, 'सारखा' दिसले की उपमा, ओळींच्या शेवटी अक्षरे जुळली की यमक, अशा खुणा मी पाठ केल्या होत्या आणि त्या परीक्षेपुरत्या पुरल्याही. पुढची तीस वर्षे फोर्टमधील एका कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळण्यात गेली. तेथे 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की' याच्या पलीकडे भाषेला फारसे काम पडले नाही.

आता प्रसंग असा आहे की आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होणार असून यंदाचा गणेशोत्सव जुन्या वास्तूतील शेवटचा ठरणार आहे. स्मरणिकेसाठी पानभर मनोगत लिहावे आणि सांगतेच्या दिवशी पाच मिनिटे बोलावे, असे मंडळाने मला सांगितले आहे. (आमच्याकडे खजिनदार आणि वक्ता ही दोन पदे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला येतात.) लिहायला बसलो तेव्हा पहिले वाक्य असे उतरले: 'आमची चाळ म्हणजे प्रेमाचा सागर, मायेचे आगर आणि आपुलकीचा जागर.' घरी वाचून दाखवले, तर मुलीने विचारले, "बाबा, हे टेम्पोच्या मागे रंगवायचे आहे का?"

मला त्यात रूपक दिसते, अनुप्रास दिसतो, यमकही दिसते. मग वाक्य खोटे का वाटते? उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्यात शब्दांच्या खुणांपलीकडे खरोखर काही फरक आहे का? आणि लिहिण्यात जे शोभते ते बोलण्यातही तसेच चालते का, की वक्तृत्वाचे शास्त्र वेगळे मानावे? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: दादरच्या निवृत्त शिक्षिका

आपल्या मुलीचा कान चांगला आहे, हे प्रथम नोंदवते. खुणा पाठ करण्याची सवय आम्ही शिक्षकांनीच लावली, त्यामुळे दोषाचा थोडा वाटा माझ्याकडेही येतो. पण 'जणू' हा शब्द म्हणजे उत्प्रेक्षा नव्हे. घराच्या दारावर पाटी असते, म्हणून पाटीला कोणी घर म्हणत नाही.

फरक कसा आहे, ते एकाच दृश्यावर पाहू. सकाळी साडेआठच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावरून फलाटाकडे उतरणारी गर्दी घ्या. 'गर्दी पुराच्या पाण्यासारखी जिन्यावरून खाली आली' असे म्हटले, तर ती उपमा झाली. गर्दी हे उपमेय, पुराचे पाणी हे उपमान, अंगावर धावून येणारा वेग हा दोघांचा साधारण धर्म आणि 'सारखी' हा साम्यवाचक शब्द. येथे बोलणारा शुद्धीवर आहे. दोन वस्तू वेगळ्या आहेत हे त्याला ठाऊक आहे आणि तो फक्त त्या शेजारी ठेवून दाखवतो आहे. 'ती गर्दी म्हणजे जणू पुराचे पाणीच' ही उत्प्रेक्षा. आता त्याचा तोल थोडा ढळला आहे, कल्पना खरी वाटू लागली आहे, पण 'जणू' म्हणून त्याने एक पाय जमिनीवर ठेवला आहे. 'गर्दीच्या पुरात मी रोज सकाळी उडी घेतो' हे रूपक, कारण येथे भेद उरलाच नाही आणि पुढचे 'उडी घेणे' हे क्रियापदसुद्धा पुराच्या बाजूने आले. 'ही गर्दी नव्हेच, हा पूर आहे' असे म्हणून उपमेयच नाकारले की अपन्हुती होते. आणि एखादा डोंबिवलीकर त्राग्याने म्हणेल, 'पूर परवडला, तो चार दिवसांत ओसरतो, ही गर्दी ओसरत नाही', तेव्हा उपमेयाने उपमानावर मात केली म्हणून तो व्यतिरेक.

नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. लक्षात ठेवायचे ते दोन वस्तूंमधील अंतर. बोलणारा त्या किती जवळ आणतो आणि तेवढ्या जवळ आणण्याइतका त्याचा अनुभव तापलेला आहे का, हे पाहावे. शांतपणे सांगायच्या गोष्टीला अपन्हुती लावली की ती नाटकी होते.

आता आपले वाक्य. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगत असे: अलंकार काढून टाका आणि काय हरवले ते मोजा. 'आमच्या चाळीत खूप प्रेम होते' असे साधे विधान केले, तर सागर, आगर आणि जागर यांच्यासोबत काय गेले? मला तरी काही गेलेले दिसत नाही. सागराचा कोणता धर्म आपल्या चाळीत आहे? विस्तार म्हणावा, तर दहा बाय बाराच्या खोल्या. खोली म्हणावी, तर पुन्हा त्याच खोल्या. (हा श्लेष झाला, क्षमस्व.) तिन्ही शब्द तेथे आले, ते एकमेकांशी जुळतात म्हणून, चाळीशी त्यांचे काही देणेघेणे नाही.

याउलट एक उदाहरण देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून 'मूकनायक' सुरू केला. त्याच्या पहिल्या अंकातील मनोगतात हिंदू समाज हा मनोरा आहे आणि एकेक जात हा त्याचा एकेक मजला आहे, असे रूपक आहे. ते तेवढ्यावर थांबले असते, तर समाजात उच्चनीचता आहे एवढेच कळले असते, आणि ते सर्वांना ठाऊकच होते. परंतु पुढे ते सांगतात की या मनोऱ्याला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. आता हे रूपक काढून पाहा. त्याच्यासोबत युक्तिवादच जातो, कारण दोष मजले असण्यापेक्षा शिडी नसण्यात आहे, हे त्या रूपकानेच सांगितले आहे. शिवाय ज्या शहरात निम्मे वाचक चाळीत राहत असतील, तेथे मजला आणि जिना म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उपमान वाचकाच्या अंगणातले असावे, ते असे.

अलंकार वापरता येत नाहीत, हे आपले म्हणणे मात्र मला मान्य नाही. 'आज आठ-बाराची कर्जत चुकली' असे मुंबईत रोज हजारो लोक म्हणतात, आणि कर्जत हे गाव चुकले असे कोणालाही वाटत नाही. 'गंगेवर गवळीवाडा आहे' म्हणजे प्रवाहावर नव्हे तर काठावर, हे संस्कृत शास्त्रकारांचे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण. आपली कर्जत त्याच जातीची. शब्दाचा सरळ अर्थ अडला की त्याच्याशी संबंधित अर्थ घ्यायचा, ही लक्षणा. आणि रात्री गप्पा रंगलेल्या असताना पाहुण्याने 'शेवटची गाडी किती वाजता?' असे विचारले, तर यजमान वेळ सांगतो, पण त्याआधी ताटे मांडायला लागतो. त्याला जे कळले ते व्यंजनेने, म्हणजे शब्दांनी नुसत्या सुचवलेल्या अर्थाने, कळले. म्हणजे हत्यारे आपल्या घरात आहेत. स्मरणिका म्हटली की आपण ती माळ्यावर टाकतो आणि भाड्याची आणतो.

उत्तर: न्यायालयीन भाषांतरकार

बाईंच्या उत्तरानंतर लिखित भाषेविषयी सांगण्यासारखे थोडेच उरते. मी बोलण्यापुरते लिहितो.

वाचक मागचे पान उलटू शकतो, श्रोत्याला ती सोय नाही. वक्तृत्वातील बहुतेक क्लृप्त्या या एका अडचणीतून जन्मल्या आहेत. एखादे वाक्य पुन्हा त्याच शब्दांनी सुरू करणे हा लिखाणात कंटाळा ठरू शकतो, पण भाषणात तो श्रोत्याला दिलेला कठडा असतो. हात धरायला काहीतरी मिळते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आपण सर्वांनी वाचली किंवा ऐकली आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, १ मे १९६० रोजी राज्य झाले, आणि त्या साऱ्या काळात या चार-पाच शब्दांनी सभा उभ्या केल्या. त्यात उपमा नाही, रूपक नाही. 'सह' या दोन अक्षरांत सगळा वाद आहे, कारण भांडण मुंबईवरच होते. 'पाहिजे' या क्रियापदाने कोणी द्यावे हे सांगितलेलेच नाही, त्यामुळे वाक्य विनंतीकडे झुकत नाही. आणि 'झालाच' मधला 'च' हा तर मराठीचा खास खिळा आहे.

या 'च'विषयी थोडे विषयांतर करतो, कारण माझ्या पेशात त्याने मला सर्वाधिक छळले आहे. लोकमान्य टिळकांच्या 'स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो मी मिळवणारच' या वाक्यातून शेवटचे एक अक्षर काढा. 'मिळवणार' हा बेत आहे, 'मिळवणारच' ही प्रतिज्ञा आहे. इंग्रजीत हे अक्षर नेताना एक तर आवाज चढवावा लागतो किंवा दोन शब्द जादा घालावे लागतात. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात स्वतःच आपली बाजू मांडली, तेव्हा 'केसरी'तील लेखांच्या इंग्रजी भाषांतरांवर त्यांनी जोरदार आक्षेप घेतले होते. निकाल विरुद्ध गेला आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. शब्दाची छटा हा फावल्या वेळचा विषय नाही, हे त्या इमारतीच्या पायऱ्या चढताना मला अनेकदा आठवते.

प्रश्नार्थक वाक्याचा उपयोगही त्यांच्याकडूनच शिकावा. १८९७ च्या जुलैमध्ये 'केसरी'च्या अग्रलेखाचे शीर्षक होते, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' याचे विधान करून पाहा: 'सरकारचे डोके ठिकाणावर नाही.' आरोप तोच, पण आता तो संपादकाचा एकट्याचा आहे. प्रश्न विचारला की उत्तर वाचकाच्या तोंडून निघते आणि जे आपल्या तोंडून निघाले ते माणूस सहसा नाकारत नाही. अट एवढीच की उत्तर एकच असले पाहिजे आणि ते श्रोत्याला ठाऊक असले पाहिजे. 'आपण ही चाळ विसरू शकू का?' असे आपण विचारलेत आणि मागच्या रांगेतून कोणी 'नव्या घरात स्वतंत्र शौचालय आहे, नक्की विसरू' असे म्हणाले, तर प्रश्न आपल्यावर उलटेल.

आणखी एक क्लृप्ती दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याची. त्याच वर्षी जूनमध्ये 'केसरी'त आलेल्या एका कवितेत शिवाजी महाराज जागे होऊन देशाची स्थिती पाहतात आणि बोलतात, अशी कल्पना होती. १८९७ च्याच राजद्रोहाच्या खटल्यात तीही पुढे आली आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बोलणारे पात्र वेगळे आणि संपादक वेगळा, हा भेद साहित्यात टिकतो. न्यायालयात तो टिकला नाही. आपल्याला अर्थातच तो धोका नाही.

उत्तर: परळचा मुद्रितशोधक

धोका आहे. 'मी चाळ बोलते आहे' असे कृपया लिहू नका. गेली कित्येक वर्षे मी स्मरणिका तपासतो आहे; चाळ, वड, जुना नळ आणि एकदा तर मंडळाची पावतीपुस्तिकासुद्धा माझ्याशी बोललेली आहे.

वरील दोन्ही उत्तरे चांगली आहेत, पण दोन्हींचा कल अलंकार कसा साधावा याकडे आहे. तो नसला तर काय बिघडते, हेही कोणी विचारावे. अकराव्या शतकातील संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट काव्याची व्याख्या करताना 'अनलंकृती पुनः क्वापि' असे म्हणतो, म्हणजे क्वचित अलंकार नसला तरी चालेल अशी मुभा तो देतो, आणि तीसुद्धा काव्याला. आपण तर गद्य लिहीत आहात. त्याच शतकातील क्षेमेंद्राने औचित्याचे उदाहरण देताना गळ्यात कमरपट्टा आणि हातात पैंजण घातलेल्या माणसाचे चित्र उभे केले आहे. दागिने अस्सल असतात, पण हसू येते. 'जागर' हा शब्द नवरात्रात देवीसमोर अस्सल आहे. तोच 'आपुलकी'च्या गळ्यात पडला की त्याचा कमरपट्टा होतो.

माझा अनुभव असा की पहिल्या मसुद्यातील विशेषणे आणि जोडशब्द खोडले की उरलेल्या मजकुरात एखादे तरी वाक्य स्वतःच्या पायांवर उभे असलेले सापडते. ते पकडावे. बाकीच्यांना त्याच्याभोवती बसवावे किंवा घरी पाठवावे. अनुप्रासाविषयी एवढेच सांगतो की तो म्हणींत शोभतो, कारण म्हण लक्षात राहावी एवढेच तिचे काम असते. 'कामापुरता मामा' मधील यमक काढले तर म्हणच शिल्लक राहत नाही. मनोगतात मात्र वाचकाचे लक्ष नादाकडे गेले की अर्थ हातातून निसटतो, आणि चार ओळींत तिसऱ्यांदा नाद आला की तो हमखास टेम्पोकडे पोहोचतो. आपल्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

बाई, साहेब आणि मुद्रितशोधक महाशय, आपल्या तिघांचे मनापासून आभार. नमस्कार पोहोचवला; तिला तो वाजवीपेक्षा अधिक आवडला.

बाईंच्या कसोटीप्रमाणे मी सागर, आगर आणि जागर काढले आणि खरोखरच काही हरवले नाही. मग चाळीत काय होते ते नुसते लिहून काढले. दोन पाने भरली. त्यात सार्वजनिक नळावरील रांग होती, गॅलरीत वाळत घातलेले पापड होते, कोणाच्या घरी पाहुणे आले की शेजारून आणलेल्या खुर्च्या होत्या, आणि दुपारी झोपताना कोणीही कडी लावत नसे ही गोष्ट होती. मुद्रितशोधकांनी सांगितल्याप्रमाणे खोडत गेलो. शेवटी जे उरले ते असे:

'आमच्या चाळीत दार लोटलेले असायचे, लावलेले नसायचे. त्यामुळे कोणाकडे जाताना ठोठावण्याची सवय आम्हाला लागली नाही. नव्या इमारतीत घंटा असेल. घंटा वाजवून वाट पाहायची असते, हे आम्हाला शिकावे लागेल. आमच्यातील माणुसकीचे दार मात्र सदैव उघडे राहील.'

यात अलंकार कोणता, हे मला आता सांगता येत नाही. हे योग्य आहे का? आणि भाषणाची सुरुवात याच वाक्यांनी करावी, की आधी प्रस्तावना असावी?

उत्तर: दादरच्या निवृत्त शिक्षिका

'लोटलेले' आणि 'लावलेले' या दोन शब्दांत 'ल'चा अनुप्रास आहे आणि अर्थाचा विरोधही आहे. आपल्या लक्षात आला नाही, कारण आपण तो शोधायला गेला नव्हता. दोन्ही शब्द दाराचेच आहेत. मराठीत दार लोटतात आणि दार लावतात, आणि त्या दोहोंमधील फरक चाळीत वाढलेल्या माणसाला जितका कळतो तितका इतरांना कळणार नाही. 'घंटा' या शब्दावर मी जरा थांबले. एरवी तो देवळाचा किंवा शाळेचा. दारासाठी बहुतेक जण 'बेल' म्हणतील, आणि आपणही बोलताना 'बेल'च म्हणत असाल. भाषणात तोच शब्द ठेवा. परका वाटला तरी हरकत नाही, ती वस्तूही आपल्याला परकीच वाटणार आहे.

उत्तर: न्यायालयीन भाषांतरकार

प्रस्तावना नको. व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेऊन झाली की थेट 'आमच्या चाळीत दार' येथून सुरू करा. पहिल्या वाक्यानंतर श्वास घेण्याइतके थांबा, कारण 'लावलेले नसायचे' हे शब्द पोहोचायला मागच्या रांगेला क्षणभर लागेल.

उत्तर: परळचा मुद्रितशोधक

शेवटचे वाक्य खोडा. 'माणुसकीचे दार' हे रूपक असले तरी आधीच्या चार वाक्यांतले खरे दार त्याने लाकडाचे उरत नाही. 'शिकावे लागेल' येथे पूर्णविराम द्यावा, आणि छापायला देताना तेथे तीन उद्गारचिन्हे घालू नयेत, असे मुद्रकाला आधीच बजावून ठेवावे.